आखाजीची शिरगणती

वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सरकारी माणसाचं काम म्हणजे फोन करणं. लोकांना वाटतं आम्ही होड्या आणि दोरखंड घेऊन धावतो. जळगावात होड्या कुठून आणणार, आणि आणून चालवणार कुठे. आम्ही जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात बसतो, गावोगावच्या पोलीस पाटलांना, डॉक्टरांना, वीजवाल्यांना, बांधकाम खात्याला फोन लावतो, आणि जे कळेल ते मुंबईच्या राज्य कक्षाला कळवतो. मुंबईला सारखं काहीतरी नवीन हवं असतं. जुनीच माहिती दिली की तिकडचा साहेब असा गप्प होतो की आपणच वादळ आणलं असं वाटावं.

मी तेव्हा नायब तहसीलदार होते आणि माझी नेमणूक त्या कक्षात होती. मूळची मी शिरपूरकडची. माझ्या अंगात एक खोड लहानपणापासून आहे. एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय मला घास गिळत नाही. आई म्हणायची, ‘तुले इचारानी खोड शे, सासरना लोके दोन दिनमा परत धाडतीन.’ परत कुणी धाडलं नाही, पण बदल्या मात्र पुष्कळ झाल्या.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वादळ आलं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्या खानदेशात तिचं वजन दिवाळीएवढं. जळगाव शहरात पत्रे उडाले, फलक पडले, थोडक्यात निभावलं. खरा तडाखा बसला तो फैजपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या केळीपट्ट्यात. केळीला मूळ कमी आणि डोक्यावर घडाचं ओझं, त्यामुळे वारा तिला अलगद निजवतो. झाडं पडली, विजेचे खांब पडले, मोबाईलचे टॉवर मुके झाले.

सकाळी आम्ही प्रत्येक गावाला तेच तीन प्रश्न विचारत होतो. कुणी दगावलं का? कुणी जखमी आहे का? आणि गावातलं कुणी असं आहे का, ज्याला आज दवाखान्यात न्यावंच लागेल? म्हणजे डायलिसिसवाला, ऑक्सिजनवरचं म्हातारं माणूस, दिवस भरलेली बाई. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर रस्ते मोकळे करायचा क्रम ठरत होता. गावं पुष्कळ आणि यंत्रं मोजकी. नशिराबादजवळ हायवेचं काम चाललं होतं, तिथल्या ठेकेदाराचे जेसीबी आम्ही उचलले. धुळ्याहून बचाव पथक निघालं होतं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मी गावांची नावं क्रमाने लिहीत होते आणि दर थोड्या वेळाने पुसत होते.

पायथ्याच्या एका गावाचे पोलीस पाटील गावाबाहेरच्या टेकाडावर चढून फोन करायचे, कारण रेंज फक्त तिथे येत होती. माणूस पन्नाशीपलीकडचा, आवाज खणखणीत, कामाला चोख. त्यांना मी आधीपासून ओळखत होते. एरवी गावात साधं भांडण झालं तरी दोन्ही बाजू नीट ऐकून मगच कळवणारे.

“कोनी दगावलं नही, ताई. कोनी जखमी नही,” ते म्हणाले. “केयी झोपली, मानसं उभी हायेत.”

केयी म्हणजे केळी. त्या भागात ळ चा य होतो.

“दवाखान्यात न्यावं लागेल असं गावातलं कुणी?”

“नही. गावातलं कोनी नही.”

त्यांच्या गावाचा रस्ता वाईट अडला होता. जुनी चिंच मुळासकट आडवी, तिच्याखाली दोन खांब आणि तारा. काढायला वेळ लागणार आणि निकड काहीच नाही, म्हणून मी त्या गावाचं नाव फळ्यावर सगळ्यांत खाली लिहिलं. आमच्या रीतीप्रमाणे ते बरोबर होतं.

तेवढ्यात पाण्याचा एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. वीज नाही म्हणून विहिरींवरच्या मोटारी बंद, म्हणून ज्या गावांना रस्ते होते तिथे आम्ही टँकर पाठवले होते, पोलीस पाटलांनी सांगितलेल्या गावच्या लोकसंख्येच्या हिशेबाने. आणि गावागावातून फोन येऊ लागले की पाणी पुरलं नाही. एखाद्या गावाने जास्त मागितलं तर समजू शकते. शेजारच्या गावाला मिळालं तर आपल्यालाही मिळावं, हा मनुष्यस्वभाव. पण सगळ्यांनाच पुरू नये? पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर म्हणाले, “लोक भरून ठेवतात हो, मॅडम. पिंप, घागरी, जे हाताला येईल ते.” ते खरंही असेल. पण माझ्या मनातून ते जाईना. फोन एका कानाला आणि मन त्या टँकरपाशी, अशी माझी गत झाली.

मग तो फोन आला. पलीकडे एक म्हातारा माणूस, दमलेला आवाज.

“जयगावनं हापिस शे का? मी शिरपूरकडथून बोली ऱ्हायनू.”

आमच्याकडची अहिराणी ऐकून माझीही जीभ सुटली. “बोला आबा, काय व्हयनं?”

“तू आपली शे का माय?” त्यांचा आवाज एकदम जवळ आला. “मग आयक. मनी सून तिना बापना गावले शे. पहिलं बायतपन शे. दिवस भरेल शेतस. काल्दिनपासून फोन लागी नही राहिना. डॉक्टरनी सांगेल शे, पोर पायाळू शे, दवाखानामाच कराना. घर कराना नही.”

पायाळू म्हणजे मूल पोटात उलटं, पाय खाली. असं पहिलं बाळंतपण घरी अडलं तर आईही जाऊ शकते आणि मूलही. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मी वही पुढे ओढली आणि गाव विचारलं. त्यांनी सांगितलं ते गाव फळ्यावर सगळ्यांत खाली होतं.

“आबा, नक्की तेच गाव? तिथले पाटील सकाळी म्हणाले, असं कुणी नाही.”

“पाटीलच तिना बाप शे,” आबा म्हणाले.

ज्या माणसाने मला खणखणीत आवाजात ‘गावातलं कोनी नही’ सांगितलं, त्याच्याच घरात त्याची दिवस भरलेली लेक होती. खोटं बोलावं असा तो माणूस नव्हता. मग हे झालं कसं? आबांना मी म्हटलं, घाबरू नका, मी बघते.

पाटलांचा फोन अर्थातच लागेना. ते टेकाडावर परत चढतील तेव्हाच खरं. तोवर हातावर हात ठेवून बसणं मला शक्य नव्हतं. फैजपूरच्या दवाखान्याला फोन केला, ऑपरेशनची तयारी ठेवा म्हटलं, ॲम्ब्युलन्स मागितली. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, “येतो मॅडम, पण चिंचेवरून उडून जाऊ काय?” त्याचंही बरोबर होतं. वीजवाल्यांना विचारलं, चिंचेखालच्या तारांत प्रवाह आहे का. ते म्हणाले, बहुतेक नाही. ‘बहुतेक’ या शब्दावर मी कुणाला तारेला हात लावायला सांगणार नव्हते.

मग मी त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका पोलीस पाटलांना फोन लावला. त्यांच्या गावातही पाणी कमी पडलं होतं.

“भाऊ, एक सांगा. तुमच्या गावात आखाजीला माहेरी आलेल्या किती असतील?”

ते हसले. “काय सांगू ताई, घरोघर झोका बांधलेला हाये. लेकी, त्यांची पोरं, कोनाकोनाचे जावई सुद्धा.”

“मग मघाशी गावातली माणसं सांगितली, त्यात त्या नव्हत्या?”

“त्या कशाला?” त्यांना माझा प्रश्नच कळेना. “त्या त पाव्हन्या. त्यांचं गाव त्यांच्या सासरी.”

पाणी का कमी पडत होतं ते मला कळलं आणि अडलेला घास गिळल्यासारखं झालं. आखाजीला आमच्याकडची प्रत्येक लेक माहेरी येते. गौराई बसते, झोक्यावर गाणी होतात, मेंदी लागते, पुरणाचे मांडे होतात. त्या चार-आठ दिवसांत गाव सुजल्यासारखं मोठं होतं आणि कागदावर तेवढंच राहतं. माहेर म्हणतं, त्या तिकडच्या. सासर म्हणतं, त्या तिकडे गेल्यात. वादळाने मात्र असं काही विचारलं नव्हतं. जिल्ह्यातल्या कितीतरी बाया त्या सकाळी कुणाच्याच मोजणीत नव्हत्या, आणि हे कुणाच्या वाईटपणाने झालं नव्हतं. हे मला फार विलक्षण वाटलं. रागही आला. राग कुणावर काढायचा ते मात्र सापडेना.

टँकर वाढवा म्हणून मी राज्य कक्षाला कळवलं. तिकडचा साहेब म्हणाला, “मॅडम, एका रात्रीत तुमच्याकडची लोकसंख्या कशी काय वाढली?”

“लेकी आल्यात, सर.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. तो बहुतेक मुंबईतच जन्मला असावा. पण ऐकून घेतलं त्याने, आणि टँकर दिले.

पाटील टेकाडावर चढले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. त्यांना वाटलं मी रस्त्याचं विचारायला थांबले आहे. तेच बोलू लागले. मी मधेच तोडलं.

“पाटील, तुमची लेक घरात आहे ना? दिवस भरलेली?”



“हाये,” ते म्हणाले. “तुमाले कोनं सांगलं?”

“तिच्या सासऱ्यांनी. तुम्ही का नाही सांगितलं?”

“तुमी गावातलं कोन म्हने, असं इचारलं. ती त आता शिरपूरकडची.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आन सोताच्या घरचं कसं सांगू, ताई? लोकं म्हनतीन, पाटलानं पयले आपला रस्ता खोलून घेतला. जयगावच्या दवाखान्यात पुढच्या हप्त्याचं ठरलेलं हाये. तोवर खुलीनच म्हनलं रस्ता.”

“आत्ता कशी आहे?”

“सकायपासून पोटात दुखतं म्हनते. घडीभरापयले पानी गेलं तिचं. मी तेच पाहून वर चढलो.”

म्हणजे ते सांगायलाच चढले होते, आणि चढल्यावर सवयीने आधी रस्त्याचं बोलत बसले. असा माणूस. एरवी मी चिडून चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी ते शब्द तोंडात फिरले आणि तिथेच राहिले, कारण त्यांचा खणखणीत आवाज पार बसला होता.

“चिंचेशिवाय दुसरी वाट आहे का?”

“हाये एक. माह्या बागातून गाडवाट हाये, थेट पाटाच्या रस्त्याले लागते.” पाटाचा रस्ता, म्हणजे कालव्याच्या कडेचा, सकाळीच मोकळा झाला होता. ॲम्ब्युलन्स तिथवर सहज येत होती.

“मग आणा की तिकडून.”

“ताई, त्या वाटेवर पुरी केयी पडेल हाये. पंचनामा व्हाचा हाये.”

इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे पीक पडलं की शेतकरी त्याला हात लावत नाही. तलाठी येणार, बघणार, पंचनामा करणार, मग भरपाईचं काय ते. आधीच साफ केलं तर साहेब म्हणतो, इथे काय पडलं होतं ते मी कसं मानू? ज्यांनी कधीकाळी घाईने बाग आवरली त्यांच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जातात. म्हणून वादळानंतर केळी जशी पडली तशी लोळत राहते आणि मालक बांधावर बसून तिची राखण करतो, पडलेल्या केळीची. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. ते वेड नव्हे, अनुभव आहे.

“मीच गावाले दवंडी देल्यासारखं सांगलं,” पाटील म्हणाले, “पंचनाम्याआधी कोनी पानालेसुदिक हात लावू नका. आता मीच कसा लावू?”

बघा, काय गाठ पडली होती. लेक घरात अडलेली, वाट स्वतःच्याच बागेतून, आणि बागेला हात न लावण्याचा हुकूम स्वतःचाच. या माणसाला कुणीतरी वरून सांगितल्याशिवाय तो हलणार नव्हता, कारण आजवर त्याने वरून आलेलं खाली सांगितलं होतं आणि खालचं वर. मधे स्वतःचं काही घातलं नव्हतं.

“पाटील, ऐका. मी नायब तहसीलदार म्हणून सांगते. बाग तुडवा. मी स्वतः येते, माझ्या डोळ्यांनी पाहते, पंचनामा मी करते. तुम्ही लेक आणा.”

“तुमी येता?”

“निघालेच.”

आमचे वरिष्ठ म्हणाले, बाई, तुम्ही इथे फोनवर हव्यात. मी म्हटलं, त्या भागातला तलाठी पलीकडे अडकलाय, बाग बघायला कुणीतरी अधिकारी हवा. हे खरंच होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मला तिथे जायचंच होतं. त्या मुलीला काही झालं असतं तर जळगावच्या खुर्चीत बसून ते ऐकणं मला जमलं नसतं.

जीप फैजपूर ओलांडून वर गेली तशा बागा दिसू लागल्या. इतकी केळी आडवी मी कधी पाहिली नव्हती. आणि सगळी एकाच दिशेला डोकी करून. नांगरानेही एवढी सरळ ओळ येत नाही. मधेच एखादी बाग अगदी उभी, पानं फाटलेली तेवढी. ड्रायव्हरला विचारलं, ही का उभी? तो म्हणाला, वाऱ्याला विचारा. पडलेली केळी अजून हिरवीगार होती, घड जागच्या जागी, जणू उचलून उभी केली तर परत वाढेल. दोन दिवसांनी ती पिवळी पडते, मग काळी.

कालव्याच्या कडेला ॲम्ब्युलन्स उभी होती. बागेच्या आतून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, पण जवळ येत नव्हता. मी बांध ओलांडून आत शिरले. गाडवाट कुठे आहे ते कळायला मार्ग नव्हता, सगळा केळीचाच खच. गडी माणसं खोडं ओढून बाजूला करत होती. केळीचं खोड म्हणजे आत नुसतं पाणी आणि गाभा. चाकाखाली आलं की चिखलासारखं होतं, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी चाक फिरवत होता. ट्रॉलीत गादीवर मुलगी होती, तिची आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी ओरडत नव्हती. ट्रॉलीची कड तिने इतकी घट्ट धरली होती की तिची नखं पांढरी झाली होती.

ट्रॅक्टर पाटील स्वतः चालवत होते.

तेवढ्यात गावाकडून बाया आल्या, रांगेने, डोक्यावर पराटीचे भारे. पराटी म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, सरपणासाठी घरोघर रचून ठेवलेली असतात. कुणी त्यांना सांगितलं होतं ते मला अजून ठाऊक नाही, बहुतेक कुणीच नाही. त्यांनी भारे चाकांपुढे टाकले, पसरले, वरून पायांनी दाबले. मी त्यांचे हात पाहिले. सगळ्यांच्या हातांवर आखाजीची ताजी मेंदी होती. या त्याच, ज्यांना सकाळी कुणी मोजलं नव्हतं. कुणी यावलची सून, कुणी चोपड्याची, कुणी पार सुरतेची. झोक्यावरून उतरून आल्या होत्या आणि केळीच्या चिकाने लुगडी-साड्या डागाळत होत्या. तो डाग कधी जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पराटीवर चाक चढलं आणि ट्रॅक्टर निघाला. जिथे वाट मोकळी झाली नव्हती तिथे पाटलांनी तो सरळ घडांवरून घातला. कच्ची केळी चाकाखाली फुटते तेव्हा आवाज होतो, तडातडा. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पाटील खाली बघत नव्हते. समोर पाटाच्या रस्त्याकडे नजर लावून बसले होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

मुलीला ॲम्ब्युलन्समध्ये घेतलं. आई बरोबर चढली. कळ ओसरली तशी मुलगी बापाला म्हणाली, “आप्पा, पयले बागाचा फोटो त काढाचा व्हता.”

“पाहेल हाये बाग,” पाटलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्या ताईनं पाहेल हाये. तू जाय.”

“तुमी नही येत?”

“मले गाव हाये.”

दार लागलं. ॲम्ब्युलन्स गेली. पाटील काही वेळ रस्त्यावर नुसते उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, जा हो, मागून मोटारसायकलवर जा, गाव मी सांभाळते. ते म्हणाले, टँकर यायचाय, चिंच काढायला मानसं येतीन, कोनाले काय सांगाचं ते मलेच म्हाईत. आणि गेले बागेतून परत, त्याच तुडवलेल्या वाटेने. मला त्यांचा राग यावा की त्यांना नमस्कार करावा, ते अजूनही कळत नाही. मी बागेचा पंचनामा केला. तुडवलेली केळी आणि वादळाने पाडलेली केळी वेगळी काढायची कशी, असा प्रश्न तिथल्या कोतवालाने काढला. मी म्हटलं, सगळी वादळानेच पाडली. लिही.

जळगावला परतले तेव्हा कक्षात तेच फोन, तेच आवाज. मी मात्र एकाच फोनची वाट बघत होते. दिवस मावळायला दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा आला. ऑपरेशन करावं लागलं. थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. आई बरी आहे, मुलगी झाली, तीही बरी आहे. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसूनच रडले. शेजारच्या लिपिकाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

पहिला फोन शिरपूरकडच्या आबांना केला. त्यांनी आधी विचारलं, “सून कशी शे?” ती बरी आहे म्हटल्यावर मग, “आन पोर?” मुलगी म्हटल्यावर म्हणाले, “लक्ष्मी उनी. तिले सांग माय, बापनाच घर ऱ्हाय. आमनी काहीच घाई नही.”

मग संध्याकाळच्या अहवालाचे फोन सुरू झाले. आता आम्ही प्रत्येक गावाला एक प्रश्न वाढवला होता, माहेरी कोण कोण आलंय? पायथ्याच्या गावाचा फोनही आला, टेकाडावरून. पाटलांनी चिंच निघाल्याचं सांगितलं, टँकर आल्याचं सांगितलं, गावची माणसं सांगितली, पाहुण्या लेकी आणि त्यांची पोरं सांगितली. सगळं व्यवस्थित, ओळीने. आणि गप्प झाले.

“पाटील, तुम्हाला काही विचारायचं नाही?”

“हाये,” ते म्हणाले. “हिंमत व्हत नही.”

“दोघी सुखरूप आहेत. मुलगी झाली.”

मग त्यांनी घसा साफ केला, आणि आवाज हळूहळू त्यांचा त्यांना सापडला.

“ताई, मघाची मोजनी चुकली माही. पोरगी त्यात धरेल नही. दवाखान्यात हाये म्हनून सोडली.”

“धरा ना. ती तुमच्याकडेच परत येणार आहे.”

“आन लहानी?” त्यांनी विचारलं. “तिचं त नावबी पडेल नही अजून. नाव नही त मोजता येतं का?”

“येतं.”

“मंग दोघींले धरा,” पाटील म्हणाले. “पाव्हन्यांत नका धरू, ताई. गावात धरा.”